कर्सरला लगाम: ऑटोकॅडमध्ये कोन आणि अंतर नेमकं कसं धरायचं

ड्रॉइंग बोर्डवर काम चालायचं तेव्हा हाताला आवर घालायला साधनं असायची. टी-स्क्वेअर आडवी रेघ वाकडी जाऊ द्यायचा नाही, सेट-स्क्वेअर 30, 45 आणि 60 अंशांचे कोन सांभाळायचा, लांबी पट्टीवर मोजून घेतली जायची. पडद्यावरचा कर्सर मात्र मोकाट असतो. डोळ्याला आडवी दिसणारी रेघ प्रत्यक्षात एक अंशाने कलली असेल, तर 10 मीटरवर तिचं टोक जवळपास 175 मिलिमीटर सरकलेलं असतं. अर्ध्या विटेच्या भिंतीपेक्षाही ही चूक मोठी आहे. छोट्या पडद्यावर ती दिसत नाही, साइटवर लाइनआउट टाकताना दिसते.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या. माउसने फक्त दिशा दाखवायची, अंतर कीबोर्डवरून द्यायचं. कर्सर ठरावीक कोनातच चालावा यासाठी ऑटोकॅडमध्ये, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या या सॉफ्टवेअरमध्ये, तीन-चार सोयी आहेत. त्यातल्या काही सक्तीच्या आहेत, तर काही नुसत्या सुचवतात. हा फरक न कळल्यामुळेच नवशिक्यांच्या निम्म्या चुका होतात.

सुरू करण्याआधी

नवी फाइल मेट्रिक टेम्पलेटवर उघडा. पुढची सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत. मग यू-एन टाइप करून एंटर दाबा. युनिट्सची खिडकी उघडेल. तिथे कोनाची प्रिसिजन, म्हणजे किती दशांश दाखवायचे ते, मुळात शून्य दशांशावर असते, ती दोन दशांशांवर आणा. शून्यावर ठेवली तर 0.3 अंशाने कललेली रेघही पडद्यावर 0 अंशच दाखवते आणि चूक कधी सापडत नाही.

कीबोर्ड इंग्रजीवर असू द्या. ड्रॉइंगमध्ये मराठी मजकूर लिहून झाल्यावर भाषा बदलायची राहिली, तर पुढची एकही आज्ञा चालत नाही. लॅपटॉपवर एफ 8 दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत असेल, तर सोबत एफ-एन कळ दाबावी लागेल.

सुरुवातीला एफ 3 म्हणजे ऑब्जेक्ट स्नॅप (रेघांची टोकं, मध्य असे बिंदू नेमके पकडायची सोय) चालू ठेवा आणि एफ 9 म्हणजे स्नॅप बंद ठेवा. ‘कर्सर अडकतोय, उड्या मारतोय’ अशी तक्रार असली की बहुतेक वेळा चुकून एफ 9 दाबलं गेलेलं असतं. तेव्हा कर्सर जाळीच्या एका बिंदूवरून थेट दुसऱ्या बिंदूवर जातो, मधे थांबतच नाही.

ऑर्थो: गवंड्याचा गुण्या

एफ 8 दाबलं की कर्सर फक्त आडवा किंवा उभा चालतो. ही सक्ती आहे. माउस कुठेही न्या, रेघ या दोनच दिशांना जाईल. 3600 बाय 3000 ची खोली काढून बघा.

पी-एल (पॉलिलाइन, म्हणजे सगळ्या बाजू जोडलेली एकसंध रेघ) टाइप करून एंटर दाबा आणि कुठेही एक क्लिक करा. कर्सर उजवीकडे न्या, 3600 टाइप करा, एंटर. कर्सर वर न्या, 3000, एंटर. डावीकडे न्या, 3600, एंटर. शेवटी सी टाइप करून एंटर दाबा म्हणजे चौकोन बंद होईल. आता ओ (ऑफसेट, म्हणजे ठरावीक अंतरावर समांतर रेघ) टाइप करून एंटर, 230, एंटर, चौकोनावर क्लिक आणि मग बाहेरच्या बाजूला क्लिक. नऊ इंची भिंत तयार होते आणि बाहेरचं माप 4060 बाय 3460 येतं. हे सुट्या रेघांनी केलं असतं तर ऑफसेटनंतर चारही कोपरे उघडे राहिले असते, म्हणून इथे लाइनऐवजी पॉलिलाइन घेतली.

तिरपी रेघ काढताना मधेच एखादी सरळ हवी असेल, तर शिफ्ट दाबून धरा. तेवढ्यापुरता ऑर्थो लागू होतो. मात्र शिफ्ट दाबलेली असताना अंतर टाइप करून देता येत नाही. त्यामुळे ही सोय फक्त क्लिक करून बिंदू द्यायचा असेल तेव्हाच वापरा.

ऑर्थोलाही मर्यादा आहेत. तो ऑब्जेक्ट स्नॅपपुढे हरतो आणि टाइप केलेल्या कोऑर्डिनेटपुढेही हरतो. भिंतीची रेघ आडवी नेताना कर्सरने शेजारच्या रेघेचं एखादं टोक पकडलं, तर रेघ त्या टोकाला जाऊन मिळते, मग ती तिरपी झाली तरी. पडद्यावर पाच-दहा मिलिमीटरचा फरक कळत नाही. ‘निअरेस्ट’ हा रेघेवरचा कोणताही जवळचा बिंदू पकडणारा स्नॅप कायम चालू ठेवला की असं वारंवार होतं. तो बंदच ठेवा, लागेल तेव्हा एकदाच बोलवा.

पोलर: आग्रह आहे, सक्ती नाही

ऑर्थोमध्ये दोनच दिशा मिळतात. 30, 45, 60 अंशांचं काम आलं की एफ 10, म्हणजे पोलर ट्रॅकिंग. एफ 10 लावलं की ऑर्थो आपोआप बंद होतो, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

खालच्या पट्टीवर पोलरच्या चिन्हाशेजारी एक छोटा बाण असतो. त्यावर क्लिक केलं की कोनांची यादी उघडते. त्यात 30 चा गट निवडला की 30, 60, 90, 120 असे सगळे टप्पे मिळतात. कोनाची प्रिसिजन शून्यावरच राहिलेल्या फाइलमध्ये या यादीत 23, 45, 68, 90 असाही एक गट दिसतो. तो खरा 22.5 अंशांचा आहे. प्रिसिजनमुळे आकडे पूर्णांकात दिसतात, कर्सर मात्र 22.5 वरच थांबतो.

आता 1200 बाजूचा षटकोन काढा. पोलर 30 वर ठेवून लाइनची आज्ञा द्या आणि पहिला बिंदू क्लिक करा. कर्सर 0 अंशाजवळ न्या. ठिपक्यांची एक लांब रेघ आणि शेजारी कोनाचा आकडा दिसला की 1200, एंटर. तसंच 60, 120, 180, 240 अंशांना करा आणि शेवटी सी. शेवटची बाजू तुम्ही मोजून दिलेली नाही, म्हणून तपासणी तिचीच करा. डी-आय टाइप करून तिची दोन टोकं निवडा. 1200.00 आलं तर सगळं बरोबर आहे.

पोलर सक्ती करत नाही हे इथे पक्कं लक्षात ठेवा. कर्सर ठरलेल्या कोनाजवळ आला तरच ठिपक्यांची रेघ उमटते आणि तो तिच्यावर बसतो. जरा दूर गेला की सुटतो. ठिपके दिसत नसताना 1200 टाइप केलंत, तर लांबी अचूक 1200 येईल, पण कोन 58.7 किंवा 61.2 असा काहीही असेल. ऑर्थोची सवय झालेले लोक पोलरवर आले की नेमके इथे फसतात. एंटर दाबण्याआधी ठिपके आहेत ना, हे बघण्याची सवय हाताला लागायला दोन दिवस पुरतात.

यादीत नसलेला कोन वारंवार लागत असेल, उदाहरणार्थ 72, तर डी-एस टाइप करून ड्राफ्टिंग सेटिंग्ज उघडा. पोलर ट्रॅकिंगच्या पानावर ‘ॲडिशनल अँगल्स’वर खूण करा, ‘न्यू’ दाबा आणि 72 लिहा. इथे दिलेला कोन फक्त तेवढाच मिळतो, त्याचे टप्पे पडत नाहीत. 144 किंवा उलट दिशेचा 252 हवा असेल तर तेही वेगळे लिहावे लागतात.

त्याच पानावर कोन कशापासून मोजायचा याची निवड आहे. ‘ॲब्सोल्यूट’ म्हणजे उजवीकडच्या आडव्या दिशेपासून, घड्याळाच्या उलट. ‘रिलेटिव्ह टू लास्ट सेगमेंट’ म्हणजे शेवटच्या रेघेपासून. तिरप्या प्लॉटवर तिरपंच घर बसवायचं असेल तर ही दुसरी निवड फार कामाची आहे. पहिली भिंत 17 अंशांना गेली की पुढची तिला काटकोनात घ्यायला 107 चा हिशेब मांडावा लागत नाही, पोलर 90 आपोआप तिच्यापासून मोजतो. काम झालं की परत ॲब्सोल्यूटवर आणा. नाहीतर दुसऱ्या दिवशी पोलर 90 वर ठेवूनही रेघा तिरप्या का जातात, ते कळत नाही.

एका रेघेपुरता कोन

एखादाच कोन एकदाच लागणार असेल, तर सेटिंग्जमध्ये जायचं कारण नाही. रेघ चालू असताना < हे चिन्ह आणि कोन टाइप करून एंटर दाबा, उदाहरणार्थ <72. आता कर्सर 72 अंशांच्या रेषेवर कुलूपबंद होतो. माउस उलट बाजूला नेला तर 252 अंशांकडे जाईल, पण ती रेषा सोडणार नाही. हव्या त्या बाजूला कर्सर नेऊन लांबी टाइप करा. हे कुलूप एकाच बिंदूपुरतं असतं, पुढच्या रेघेला पुन्हा द्यावं लागतं. ऑर्थो, पोलर स्नॅप आणि ग्रिड स्नॅप यांना ते जुमानत नाही. ऑब्जेक्ट स्नॅपपुढे मात्र तेही नमतं. माझ्या मते नवशिक्यांनी सर्वांत आधी शिकावी अशी युक्ती हीच आहे, आणि क्लासमध्ये बहुतेक वेळा तीच राहून जाते.

एक प्लॉट काढून बघू. पॉलिलाइन घ्या आणि पहिला बिंदू ए क्लिक करा. कर्सर उजवीकडे नेऊन <0 एंटर, 15000 एंटर. हा बी झाला. <72 एंटर, कर्सर वर नेऊन 9000 एंटर. हा सी. <180 एंटर, कर्सर डावीकडे, 12000 एंटर. हा डी. शेवटी सी टाइप करून बंद करा.

आता डी-आय घेऊन आधी डी आणि मग ए निवडा. लांबी 10328.94 आणि कोन 235.96 यायला हवा. डबल-ए टाइप करून एंटर, मग ओ आणि एंटर देऊन पॉलिलाइन निवडली की क्षेत्रफळ 115553366.73 चौरस मिलिमीटर येतं. म्हणजे 115.55 चौरस मीटर, साधारण 1.14 गुंठे. या आकड्यांशी जुळलं तर तुमची पद्धत बरोबर आहे.

शेवटची बाजू सी देऊनच का बंद केली? कागदावर ती 10329 आणि 236 अंश अशी लिहिलेली असू शकते. ते दोन गोल आकडे टाइप केलेत तर रेघ ए बिंदूवर पोहोचतच नाही, सुमारे 6.4 मिलिमीटरची फट राहते. झूम न करता ती दिसणार नाही. पण त्या जागी हॅच (आतली जागा भरणारी रेघांची नक्षी) भरायला गेलात की सीमा बंद नसल्याचा संदेश येतो आणि अर्धा तास कारण शोधण्यात जातो. आकृतीची शेवटची बाजू मोजून कधीच देऊ नका. ती सी ने किंवा एंडपॉइंट स्नॅपने मिळवा, मग मोजा आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा.

मोजणीच्या कागदावर कोन अंश-कलांत असतात. 72 अंश 30 कला म्हणजे 72.5. अनेकजण 72.30 टाइप करतात. त्या 0.2 अंशाने 9 मीटरवर 31 मिलिमीटरचा फरक पडतो. कलांमध्येच द्यायचं असेल तर अंशांनंतर इंग्रजी डी आणि कलांनंतर ' असं लिहिता येतं.

बेअरिंग हा आणखी एक खड्डा. सर्व्हेचं बेअरिंग उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेलं असतं, ऑटोकॅडचा कोन पूर्वेपासून उलट दिशेने. म्हणून 90 मधून बेअरिंग वजा करा. बेअरिंग 120 असेल तर कोन -30, आणि <-30 असं चालतं. युनिट्समध्ये जाऊन उत्तर आणि घड्याळाची दिशा निवडण्याचीही सोय आहे. पण त्या फाइलवर पुढे दुसरा माणूस बसणार असेल, तर ती सोय वापरू नका.

अंतरालाही टप्पे: पोलर स्नॅप

आतापर्यंत कोन बांधला, अंतर टाइप केलं. एकच अंतर किंवा त्याच्या पटी पुन्हा पुन्हा लागत असतील तर अंतरही बांधता येतं. जिन्याचा छेद हे याचं उत्तम उदाहरण: राइझर (पायरीची उंची) 150, ट्रेड (पाय ठेवायची रुंदी) 300.

डी-एस उघडा, स्नॅप अँड ग्रिडच्या पानावर ‘पोलर स्नॅप’ निवडा आणि ‘पोलर डिस्टन्स’मध्ये 150 लिहा. ओके करा. आता एफ 9 आणि एफ 10 दोन्ही चालू हवेत. फक्त एफ 9 लावलं तर काहीच होत नाही, कारण हे टप्पे पोलरच्या ठिपक्यांवरच पडतात. पॉलिलाइन सुरू करा. कर्सर वर नेला की तो 150, 300, 450 असा थांबत जाईल. वर 150 ला क्लिक, उजवीकडे 300 ला क्लिक, पुन्हा वर. दहा राइझर आणि नऊ ट्रेड झाले की उंची 1500 आणि लांबी 2700 भरायला हवी.

वेस्ट स्लॅबची, म्हणजे पायऱ्यांखालच्या तिरप्या स्लॅबची, रेघ काढताना कोन टाइप करायचा मोह होईल. तो 26.57 दिसतो खरा, पण तो गोल केलेला आकडा आहे. पायऱ्यांचे आतले कोपरे एंडपॉइंट स्नॅपने जोडा आणि ती रेघ स्लॅबच्या जाडीइतकी ऑफसेट करा.

फार दुरून काम करत असाल तर 150 चा एक टप्पा पडद्यावर दोन-तीन ठिपक्यांएवढा होतो आणि चुकून 300 ऐवजी 450 वर क्लिक पडतं. थोडं जवळ जा. पोलर डिस्टन्स शून्य ठेवलं असेल तर ऑटोकॅड स्नॅपच्या एक्स अंतराचा आकडा घेतं, तेव्हा भलतेच टप्पे पडले तर आधी तो रकाना बघा. आणि हे टप्पे शेवटच्या बिंदूपासून मोजले जातात, जाळीपासून नाही. जिना संपला की एफ 9 बंद करा.

कोपऱ्यापासून मोजून सुरुवात

खिडकी कोपऱ्यापासून 600 वर सुरू होते. तिथे कोणताच बिंदू नाही, मग पकडणार काय? एफ 3 आणि एफ 11 (ऑब्जेक्ट स्नॅप ट्रॅकिंग) चालू ठेवा. लाइनची आज्ञा द्या आणि कर्सर कोपऱ्यावर नुसता टेकवा, क्लिक करू नका. तिथे छोटं अधिकचिन्ह उमटेल. कर्सर भिंतीच्या दिशेने हलवा, ठिपके दिसले की 600, एंटर. रेघ थेट तिथून सुरू होते. आधी 600 ची मदतरेघ काढायची आणि मग पुसायची, हा उद्योग वाचतो.

असे सात बिंदूपर्यंत एका वेळी धरता येतात. नको असलेला सोडायचा असेल तर त्यावर पुन्हा एकदा कर्सर टेकवा. भिंत 30 अंशांना तिरपी असेल आणि ठिपके फक्त आडवे-उभेच दिसत असतील, तर ड्राफ्टिंग सेटिंग्जमध्ये ‘ट्रॅक युझिंग ऑल पोलर अँगल सेटिंग्ज’ निवडा.

एफ 12 आणि दोन शिक्षकांचा घोळ

डायनॅमिक इनपुट म्हणजे कर्सरजवळ दिसणारे आकड्यांचे रकाने. लांबी टाइप करा, टॅब दाबा, लांबीला कुलूप लागतं, मग कोन टाइप करा. सोपं आहे, पण इथला कोन 0 ते 180 असा, कर्सर ज्या बाजूला आहे त्या बाजूने मोजला जातो. कर्सर आडव्या रेषेच्या खाली असताना 30 दिलेत तर रेघ खालीच जाते. आधी कर्सर योग्य बाजूला न्या, मग आकडा द्या.

दुसरा घोळ कोऑर्डिनेटचा. एफ 12 चालू असताना दुसऱ्या बिंदूसाठी 3600,3000 लिहिलं तर ते मागच्या बिंदूपासून मोजलं जातं. बंद असताना तेच मूळबिंदूपासून. म्हणून कोणी @ लावायला शिकवतो, कोणी लावू नका म्हणतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. @3600<30 असं पूर्ण लिहिलंत तर एफ 12 ची स्थिती काहीही असो, अर्थ एकच राहतो.

तरीही बिघडलं तर

फूट-इंचात 10'6" लिहिलं आणि ऑटोकॅडने नाकारलं, तर युनिट्स डेसिमलवर आहेत. आर्किटेक्चरल करा. अर्धा इंच लिहिताना 10'6-1/2" असं मधे जोडरेघ देऊन लिहा, कारण ऑटोकॅडमध्ये स्पेस म्हणजे एंटर.

ऑर्थो चालू असूनही रेघा तिरप्या जात असतील तर कोणीतरी यूसीएस, म्हणजे ड्रॉइंगच्या एक्स-वाय अक्षांची चौकट, फिरवलेला आहे. यूसीएस टाइप करून एंटर, डब्ल्यू, एंटर. सरळ होतील. तुम्ही स्वतः तिरप्या भिंतीशी जुळवण्यासाठी यूसीएस फिरवला असेल, तर मजकूर आणि डायमेन्शन टाकण्याआधी तो परत आणला का ते बघा. क्रॉसहेअरच (कर्सरच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा) तिरके दिसत असतील आणि यूसीएस ठीक असेल, तर स्नॅपअँग टाइप करून किंमत 0 करा.

मूव्ह, कॉपी, स्ट्रेच या आज्ञांनाही हेच सगळं लागू आहे. खांब 4500 ने उजवीकडे सरकवायचा असेल तर मूव्हमध्ये बेस बिंदू द्या, <0, एंटर, कर्सर उजवीकडे, 4500, एंटर. फक्त बेस बिंदू एंडपॉइंट किंवा सेंटर स्नॅपने पकडा आणि दुसरा बिंदू देताना कर्सर कोणत्याही रेघेच्या टोकावर नाही ना, ते बघा. असेल तर एफ 3 तात्पुरतं बंद करा.